आत्याबाईंची न्हाणी

आमच्या घरी पाहुणा आला की आत्याबाई त्याला पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी न्हाणी दाखवायच्या. पाहुणा बिचारा खानदेशातून गर्दीच्या गाडीत अंग चोरून आलेला असायचा, त्याला कुठेतरी पाठ टेकायची असायची. पण आत्याबाई न्हाणीतला दिवा लावून दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "वाक. वाकीसन दख. एक तरी काळी रेघ दिसस का?" पाहुणा हातातल्या पिशवीसकट वाकायचा, कोपऱ्याकोपऱ्यातून नजर फिरवायचा आणि सांगायचा, "नई दिसत." मग त्याला चहा मिळायचा.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. नाव इंदूबाई. मी मंगल, जालन्याची. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, म्हणून लग्न होऊन सुरतेला आल्यावर मी तेच म्हणत राहिले. त्या मूळच्या पारोळ्याकडच्या. सासरे सुरतेतल्या बमरोलीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, होते आणि सगळी मंडळी तिथल्याच एका चाळीत राहायची. पुष्कळ बिऱ्हाडांत मिळून एक न्हाणी, आणि तिला दार म्हणून एक पोतं. "बाहेर कोनी खोकलं तरी तांब्या हातातून पडायचा," आत्याबाई सांगायच्या. अंगभर पाणी घेऊन निवांत आंघोळ करणं ही चैन त्यांना ऐन तारुण्यात कधी मिळाली नाही. त्यामुळे पुढे शहरातच पर्वत पाटियाजवळ फ्लॅट झाला, तेव्हा घरात शिरल्यावर त्यांनी देवाच्या जागेच्या पाठोपाठ जर काही पाहिलं असेल, तर ती पांढऱ्या टाइल्सची, आतून कडी असलेली न्हाणी. माझा नवरा, प्रकाश, सांगतो की त्या दिवशी माय आत गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही. कडी लावून नुसती बसली होती.

काम त्यांचं धागा कटिंगचं. सुरतेत घरोघरी बायका हे काम करतात. भरतकाम झालेल्या साड्यांचे गठ्ठे घरी येतात, उलट्या बाजूला लोंबणारे दोरे कापून साडी साफ करून परत द्यायची. आत्याबाई खिडकीशी बसायच्या, साडी गुडघ्यावर पसरायच्या आणि छोट्या कात्रीनं असे दोरे उडवायच्या की बघणाऱ्याला वाटावं, साडी आपणहून झडते आहे. मला हे काम शिकवताना त्यांनी एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगितलं. "दोरा काढायचा, कापडाले कळू द्यायचं नाही." माझ्या हातून पहिल्याच साडीला भोक पडलं, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. साडी उजेडाकडे धरली, भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कळलं की गं तिले."

गर्व मात्र भारी. नम्रपणा हा गुण त्यांच्या वाट्याला आला नव्हता आणि त्यांना त्याची उणीवही भासत नव्हती. पुरणपोळी माझीच, धागा कटिंग माझंच आणि न्हाणी तर माझीच, असा एकूण कारभार. न्हाणी चमकवण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. गल्लीत सायकलवर फिनेल आणि ॲसिड विकणारा यायचा. त्याच्याकडून बाटली घ्यायची आणि दर शनिवारी फरशीवर, दोन टाइल्समधल्या दरजांमधून धार सोडायची. फसफस आवाज व्हायचा, पांढरा फेस यायचा आणि आत्याबाई नाकाला पदर लावून समाधानानं म्हणायच्या, "मळ मरी ऱ्हायना." म्हणजे मळ मरतोय. दिवाळी आली की त्याच दरजांवरून व्हाइट सिमेंटचा हात फिरवायचा. गावाकडे सणाला भिंती सारवायची सवय. जुन्या थरावर नवा थर द्यायचा, घर उजळतं. इथे सारवायला भिंती नव्हत्या, तर त्यांनी दरजा सारवल्या.

आमच्या खाली जयश्रीबेन राहतात. दोघींची मैत्री फ्लॅटइतकीच जुनी. एकीचं उंधियुं वर यायचं, दुसरीची खिचडी आणि कळण्याची भाकरी खाली जायची. आत्याबाई त्यांच्याशी गुजरातीच बोलायच्या, पण ती गुजराती पारोळ्यावरून आलेली वाटायची. एक दिवस जयश्रीबेन वर आल्या, पण नेहमीसारख्या स्वयंपाकघरात न येता बाहेरच्या खोलीत बसल्या. म्हणाल्या, "इंदुबेन, तमारा बाथरूममांथी अमारा रूममां पाणी पडे छे." त्यांच्या निजायच्या खोलीचा कोपरा आमच्या न्हाणीला लागून आहे. तिथे छत ओलं होऊन पोपडे धरले होते आणि थेंब पडायला लागले होते.

आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि ताडकन उठून त्यांना न्हाणी दाखवायला नेलं. "जुओ. क्यां छे काणुं?" भोक दाखवा, असं त्यांचं म्हणणं. भोक कुठेच नव्हतं. मग आत्याबाईंनी वरच्या मजल्यावर संशय घेतला, बिल्डरवर घेतला, शेवटी जयश्रीबेनच्या भिंतीतच मुळात ओल असेल असंही त्या बोलून गेल्या. जयश्रीबेन तशाच खाली निघून गेल्या. त्यानंतर खालून वाटी येणं बंद झालं.

खरी अडचण वेगळीच होती. जयश्रीबेनची मुलगी हेतल पहिलटकरीण होती. गुजरात्यांत खोळो भरण्याचा, म्हणजे आपल्या ओटीभरणासारखा, कार्यक्रम झाला की मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते. हेतलसाठी तीच खोली तयार करायची होती, दुसरी नव्हतीच. बाहेरच्या खोलीत दोन्ही भाऊ झोपायचे. आणि हेतलच्या सासूनं सांगून टाकलं होतं, की गळक्या ओल्या खोलीत बाळंतीण पाठवणार नाही, बाळंतपण आम्हीच इथे करू. एकुलती एक मुलगी आणि तिचं पहिलं बाळंतपण आपल्या हातून निसटणार, या विचारानं जयश्रीबेन जिन्यात पायरीवर बसून रडताना मला दिसल्या. मी वर येऊन ते आत्याबाईंना सांगितलं. त्या साडी साफ करत होत्या. हात थांबला.

प्रकाशनं कामरेजहून एका ओळखीच्या गवंड्याला बोलावलं. त्यानं सगळं पाहिलं आणि सांगितलं, सगळी फरशी फोडावी लागेल, खालून नवीन करावं लागेल, आणि माणसं मोकळी होतील तेव्हाच काम धरता येईल. म्हणजे हेतलचं बाळ रांगायला लागल्यावर. तो गेल्यावर आत्याबाई न्हाणीत जाऊन पाटावर बसल्या. लोखंड कापायच्या करवतीचं एक मोडकं पान घरात पडलं होतं, ते त्यांनी घेतलं, एका टोकाला चिंधी गुंडाळली आणि कोपऱ्यातली एक दरज खरवडायला लागल्या. मी शेजारी उभी. वरचा दिवाळीचा पांढरा पापुद्रा निघाला. त्याच्या खाली आणखी एक, त्याच्या खाली आणखी एक, एकेक सण निघत गेला. आणि सगळ्यांच्या खाली काहीच नव्हतं. पान थेट आत गेलं. दरज आतून पोकळ झाली होती.

आत्याबाईंनी पान बाजूला ठेवलं. खरवडलेला चुरा वर्तमानपत्रावर पडला होता, कोरडा आणि पांढराशुभ्र. त्यांनी ॲसिडची बाटली उघडली आणि त्या चुऱ्यावर थोडं ओतलं. फसफस आवाज झाला. तोच आवाज, तोच फेस. चुरा आमच्या डोळ्यांदेखत विरघळून गेला.

"याच्यात तर मळ नव्हता," मी म्हणाले.

"कधीच नव्हता," त्या म्हणाल्या. "मी दर शनवारी दरजाच धुई टाकल्या."

मी आत्याबाईंना पुष्कळ रूपांत पाहिलं आहे, पण ज्या रूपाचा मला सगळ्यात अभिमान आहे ते यानंतरचं. त्या उठल्या, हात धुतले, पदर नीट केला आणि खाली गेल्या. मीही मागोमाग गेले. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात भाजीत मीठ जास्त पडलं तरी मिठालाच दोष दिला, ती बाई जयश्रीबेनच्या दारात उभी राहून म्हणाली, "जयश्रीबेन, पाणी मारुं ज छे. मारा हाथे ज थयुं." पाणी माझंच, माझ्याच हातून झालं. उगाच खोकल्या नाहीत की घुटमळल्या नाहीत. जयश्रीबेन दार धरून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "तो हवे?" म्हणजे मग आता काय? आत्याबाई म्हणाल्या, "हवे हुं ज बंध करीश. हेतल इथेच येईल." आता मीच बंद करीन, असं सांगताना शेवटचं वाक्य मराठीत निघालं, पण जयश्रीबेनना ते बरोबर कळलं.

दुसऱ्या दिवशीपासून आमच्या घरात न्हाणीचं पर्व सुरू झालं. साड्यांचे गठ्ठे परत पाठवले. मोबाइलवर मी व्हिडिओ लावून द्यायची आणि त्या हिंदी बोलणाऱ्या माणसाला आत्याबाई मध्येमध्ये उत्तरं द्यायच्या. तो म्हणाला, जुना मसाला पूर्ण काढा. "काढतेच आहे, थांब जरा," आत्याबाई. एकेक दरज त्या करवतीच्या पानानं खरवडत गेल्या. मी एक दरज करून पाहिली आणि टाइलच्या कडेचा टवका उडवला. त्यांनी माझ्या हातातून पान काढून घेतलं. "हाई बी धागा कटिंगच से. दरज काढायची, टाइलले कळू द्यायचं नाही." आणि खरंच, सगळी फरशी मोकळी झाली तेव्हा माझा तो एक टवका सोडला तर कुठे ओरखडा नव्हता. गुडघे दुखायचे म्हणून त्या पाटावर बसून सरकत सरकत पुढे जायच्या आणि प्रकाश ऑफिसला निघताना दारातून डोकावून म्हणायचा, "माय, आता पुरे." त्या मान वर न करता म्हणायच्या, "तू जाय."

मग टेबल फॅन लावून न्हाणी वाळवली. न्हाणीला पंखा लागलेला मी पहिल्यांदाच पाहिला. ग्राउटची, म्हणजे दरजा भरायच्या मसाल्याची, पूड त्यांनी पुरणपोळीसाठी कणीक मळावी तशी हळूहळू पाणी घालत कालवली, जुन्या चपलेचा तळवा कापून त्यानं दरजांत दाबून भरली आणि ओल्या स्पंजनं वरून पुसून घेतली. पण एका गोष्टीवर अडल्या. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे ग्राउट नाही, सिलिकॉन लावायचं, असं हार्डवेअरच्या दुकानदारानं सांगितलं होतं आणि नळीही दिली होती. आत्याबाईंना ते पटेना. "रबर लाईसन कोनी घर बांधस का?" त्यांनी कोपऱ्यातही ग्राउटच ठासून भरलं. नळी कपाटावर ठेवून दिली.

चार दिवसांनी परीक्षा. पाणी जाण्याच्या जाळीत फडकं कोंबलं, न्हाणी उंबऱ्यापर्यंत भरली आणि आत्याबाई खाली जाऊन जयश्रीबेनच्या खोलीत खुर्ची टाकून, वर बघत बसल्या. जयश्रीबेन पलंगावर. दुपार टळेपर्यंत छत कोरडं होतं. जयश्रीबेन चहा करायला उठल्या, आणि थेंब पडला. खुर्चीसमोर, फरशीवर. आत्याबाईंनी तो बोटानं टिपून पाहिला, जणू घामाचा असेल तर बरं. मग दुसरा पडला.

जयश्रीबेन चहाचे कप घेऊन आल्या, त्यांनी फरशी पाहिली आणि कप खाली ठेवले. पुढच्या आठवड्यात हेतलचा खोळो भरायचा होता. "रहेवा दो, इंदुबेन," त्या म्हणाल्या. "एनी सासु भले करे." असू दे, तिची सासूच करेल. हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. आत्याबाईंनी चहा प्यायला नाही.

वर येऊन पाणी सोडून दिलं. न्हाणी सुकल्यावर बोटानं सगळे कोपरे चाचपले, तर नळाखालच्या कोपऱ्यात केसासारखी चीर. आत्याबाई तिच्याजवळ पाटावर बसल्या. मग एक हात भिंतीवर आणि एक फरशीवर ठेवून मला म्हणाल्या, "खालून ट्रक जास तवय ही दोन्ही वेगवेगळी हालतात. माझ्या हाताले लागी ऱ्हायनं." पर्वत पाटियाचा रस्ता, मालाचे टेम्पो आणि ट्रक दिवसभर चालू. भिंत आपली हलते, फरशी आपली हलते, आणि मध्ये कडक मसाला भरला की तो तडकणारच. त्यांनी कपाटाकडे बोट केलं. "आन ते रबर."

कोपरे पुन्हा खरवडले. पुन्हा वाळवले. दोन्ही बाजूंनी कागदी टेप लावून मधून सिलिकॉनची रेघ ओढली, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून ती एका दमात गुळगुळीत केली आणि टेप ओढून काढली. तेव्हा जी रेघ उरली ती मी विसरणार नाही. सरळ, बारीक, कुठेही न थरथरलेली. साठी उलटलेल्या, गुडघे गेलेल्या बाईच्या बोटाची. "झाली?" मी विचारलं. "झाली, पण सुकू दे तेले," त्या म्हणाल्या, आणि न्हाणीला बाहेरून कुलूप लावून किल्ली पदराला बांधली.

ते दिवस आम्ही सगळे खाली जयश्रीबेनकडे आंघोळीला जायचो. ज्यांच्या घरात आम्ही पाणी गाळत होतो त्यांच्याच न्हाणीत, बादली आणि टॉवेल घेऊन. ही त्यांचीच सूचना होती. आंघोळीच्या आमच्या गाण्यांतून, दाराबाहेरच्या आमच्या रांगेतून त्यांचं हसू हळूहळू परत आलं. आत्याबाई स्वतः मात्र गेल्या नाहीत. स्वयंपाकघरात मोरीवर ओल्या फडक्यानं अंग पुसायच्या. प्रकाशनं एकदा, उशीर झाला म्हणून, किल्ली मागितली. "माय, कोपरा सोडून मध्येच उभा राहतो." त्यांनी पदराची गाठ आणखी आवळली. "या न्हानीत आज आंघोय नई. खाले जाय."

पुन्हा परीक्षा झाली. पुन्हा न्हाणी भरली, पुन्हा खाली खुर्ची. या वेळी जयश्रीबेनही आपली खुर्ची घेऊन शेजारी बसल्या. दोघी म्हाताऱ्या माना वर करून छताकडे बघत होत्या आणि मी दारात उभी राहून त्यांच्याकडे. चहा झाला. मान दुखते म्हणून जयश्रीबेन पलंगावर आडव्या झाल्या आणि आडव्यानं बघू लागल्या. दिवेलागण झाली. छत कोरडं. मी म्हटलं, "आत्याबाई, आता मान खाली करा." त्या म्हणाल्या, "आपली मानसं खोटं बोलतीन, पानी बोलत नई. उद्या सकाळपर्यंत ऱ्हाऊ दे." सकाळी जयश्रीबेन स्वतः वर आल्या, नेहमीसारख्या थेट स्वयंपाकघरात. हातात झाकलेली वाटी होती. त्यांनी ती ओट्यावर ठेवली आणि आत्याबाईंच्या गळ्यात पडल्या.

हेतल आली. तिला मुलगी झाली. ओल्या कोपऱ्याला नवा रंग लागला आणि त्याच्याच खाली घोडियुं, म्हणजे त्यांचा पाळणा, बांधला गेला. आत्याबाई रोज सकाळी डिंकाचे लाडू नाहीतर शेपूची भाजी घेऊन जायच्या, आणि खोलीत शिरल्यावर आधी छताकडे बघायच्या, मग बाळाकडे. हेतल हसायची. "मासी, बेबी नीचे छे."

त्यानंतर ॲसिडवाल्याची सायकल आमच्या दारात थांबली नाही. पाहुण्यांना न्हाणी दाखवणं मात्र थांबलं नाही, उलट वाढलं. फक्त आता त्या पांढरेपणा दाखवत नसत. नळाखालचा कोपरा दाखवत. आणि झाकून काही ठेवत नसत. "आधी मीच बिघाडी व्हती," असं पहिल्यांदा सांगायच्या, मग म्हणायच्या, "आते दख."

गेल्या वर्षी आत्याबाई गेल्या. फार आजारी नव्हत्या. सकाळी चहा घेतला आणि दुपारी नव्हत्या. पारोळ्याकडून गाड्या भरून माणसं आली. दुसऱ्या दिवशी तापीकाठच्या स्मशानातून सगळे परतले आणि रिवाजाप्रमाणे एकेक जण आंघोळीला लागला. बायका घरी थांबल्या होत्या, त्याही. दुपारपासून न्हाणीत पाणी वाहत होतं. एकाची बादली संपली की दुसऱ्याची लागत होती. माझं लक्ष कशातच नव्हतं. तेवढ्यात जयश्रीबेन आल्या, त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला खाली नेलं, त्या खोलीत. हेतल भेटायला आली होती. तिची मुलगी पलंगावर झोपली होती. जयश्रीबेननी बोट वर केलं.

"जो, मंगल. आटला माणस नाह्या. एक टीपुं नथी पड्युं."

एवढी माणसं न्हाली आणि एक थेंब नाही. एवढं बोलून त्या रडायला लागल्या, मीही रडले, पण खरं सांगते, त्या रडण्यात दुःखापेक्षा अभिमान जास्त होता. मला वाटलं, ही परीक्षा बघायला आत्याबाई खाली खुर्ची टाकून बसायला हव्या होत्या.

वर आले तर प्रकाशची एक लांबची काकी टॉवेल घेऊन न्हाणीच्या दारात थांबली होती, शेवटची. "बरी से व तुमनी न्हानी," ती हळूच म्हणाली. मी दिवा लावला आणि तिचा खांदा धरला.

"वाका, काकी," मी म्हटलं. "वाकून तो नळाखालचा कोपरा बघा."